आकुर्डीच्या भिंतीतली ओल : थंड देशातला प्रश्न आपल्या घरात कसा विचारायचा?

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे स्थापत्य, आर्किटेक्चर आणि पर्यावरण शाखेचे विद्यार्थी विषय शोधतात तेव्हा एक शीर्षक हमखास सापडतं : 'जुन्या घरांचं थंडी आणि ओलीपासून उष्णतारोधन'. जर्मनी, इंग्लंड, कॅनडा इथले शेकडो शोधनिबंध हाताशी असतात. मग मोह होतो की तेच सूत्र, तेच सॉफ्टवेअर, तेच इन्सुलेशन घ्यावं, ठिकाण फक्त 'आकुर्डी' लिहावं आणि सारांश जमा करावा. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, "आकुर्डीत घर गरम करतं कोण?" आणि गाडी तिथेच अडकते.

प्रश्न रास्त आहे, पण त्याचा अर्थ विषय निकामी आहे असा नाही. प्रश्न उसना घेतलाय, तो आपल्या घरात नीट बसवायला हवा, एवढंच. या लेखात आपण तेच करू. थोडी आकडेमोड आहे, पण बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडची नाही. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

आधी घरं बघू

आकुर्डी म्हणजे एकाच प्रकारची वस्ती नाही. विठ्ठल मंदिराच्या आसपासचं गावठाण आहे. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा आकुर्डी हा नेहमीचा मुक्काम, तो ऐन पावसाच्या तोंडावर येतो. गावठाणात अजून दगड-मातीच्या जाड भिंती दिसतात. त्यांतल्या बऱ्याच भिंतींवर आता सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढलाय.

दुसरा प्रकार कारखान्यांसोबत आला. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढे आकुर्डीत बजाज ऑटो आली, आणि कामगारांसाठी खोल्या वाढत गेल्या. विटेची भिंत आणि वर पत्रा. पत्रा कधी लोखंडी, कधी सिमेंटचा.

तिसरा प्रकार १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाल्यानंतरचा : नऊ इंची विटेची भिंत, आरसीसी स्लॅब, गच्चीवर कोबा. ही घरं आता चाळीस-पन्नास वर्षांची होत आली. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, पण तिथून निवृत्त झालेली माणसं आणि त्यांची घरं इथेच आहेत.

या तिन्ही घरांत 'ओल आहे' ही एकच तक्रार ऐकू येते. कारणं मात्र वेगळी असतात. संशोधनाची पहिली पायरी ही : तक्रार एक असली तरी प्रश्न एक आहे असं समजू नका.

ओल चार वाटांनी येते

१. खालून. माती आणि विटेत बारीक छिद्रं असतात आणि जमिनीतलं पाणी त्यांतून वर चढतं. केशाकर्षणाच्या सूत्रात छिद्राची त्रिज्या एक मायक्रॉन घातली तर पाणी जवळजवळ १५ मीटर चढू शकतं असं उत्तर येतं. प्रत्यक्षात ओल साधारण मीटरभर उंचीवर थांबते, कारण तेवढ्यात भिंतीतून बाष्पीभवन होत असतं. सोबत आलेले क्षार पृष्ठभागावर साचतात. त्यालाच आपण 'लोणा लागला' म्हणतो. जोत्यावर डीपीसीचा थर नसलेल्या जुन्या घरांचं हे ठरलेलं दुखणं.

२. बाजूने. पावसाळ्यात वारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो आणि पाऊस तिरका मारतो. त्या बाजूची भिंत जुलै-ऑगस्टमध्ये भिजते, पूर्वेची तुलनेने कोरडी राहते. गिलाव्याला केसाएवढ्या भेगा असल्या तरी पाणी आत ओढलं जातं.

३. वरून. गच्चीचा कोबा फुटलाय, पन्हाळ तुंबलीय, पत्र्याच्या खिळ्याचा वॉशर गेलाय. पाऊस पडल्यावर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी डाग दिसतो.

४. आतून. ही सगळ्यात दुर्लक्षित वाट. आपण श्वास घेतो, अंघोळ करतो, भात शिजवतो, कपडे घरात वाळत घालतो, या सगळ्याची वाफ खोलीतच राहते. गॅसच्या शेगडीचंच बघा. एक किलो एलपीजी जळला की जवळपास १.६ किलो पाणी तयार होतं. म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत सुमारे २२ लिटर पाणी सोडतं. हे फक्त ज्योतीतून आलेलं, भांड्यातली वाफ त्यात धरलेली नाही. एक्झॉस्ट फॅन नसेल तर हे पाणी जाईल कुठे?

थंडीचा संबंध मुख्यतः या चौथ्या वाटेशी आहे.

कागदावर करून बघा

पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो. समजा बाहेर १० अंश आहेत. चार माणसं झोपलेली, खिडक्या बंद, म्हणून आत २० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, मोजलेले नाहीत. तुम्ही तुमच्या घरात मोजा आणि बदला.

२० अंशांच्या हवेत बाष्पाचा जास्तीत जास्त दाब सुमारे २३.४ हेक्टोपास्कल असतो. त्याचे ६५ टक्के म्हणजे १५.२. एवढं बाष्प असलेली हवा थंड होत गेली तर सुमारे १३.२ अंशांवर तिचं दव पडेल. हा झाला दवबिंदू. पण बुरशीला प्रत्यक्ष पाणी लागत नाही. पृष्ठभागालगत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली तरी ती धरते. आयएसओ १३७८८ या मानकातही हीच ८० टक्क्यांची कसोटी आहे.

आता भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान काढायचं. भिंतीचा प्रत्येक थर उष्णतेला काही रोध करतो : जाडी भागिले वाहकता. शिवाय आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागालगतच्या हवेचा रोध असतो, भिंतीसाठी आत ०.१३ आणि बाहेर ०.०४. छतातून उष्णता वर जाते तेव्हा आतला रोध ०.१० धरतात. एकूण तापमान-फरकातला जेवढा वाटा आतल्या हवेच्या रोधाचा, तेवढ्या अंशांनी पृष्ठभाग खोलीपेक्षा थंड. संपलं गणित.

नऊ इंची भिंत : विटेची वाहकता ०.८१, गिलाव्याची ०.७२, दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर गिलावा. एकूण रोध सुमारे ०.५०. पृष्ठभाग १७.४ अंश. तिथली आर्द्रता ७७ टक्के. म्हणजे सुरक्षित, पण थोडक्यात.

त्याच भिंतीचा कोपरा किंवा लोखंडी कपाटामागची जागा : तिथे हवा खेळत नाही, म्हणून आतला रोध ०.२५ धरू. पृष्ठभाग १५.९ अंश, आर्द्रता ८४ टक्के. बुरशी! कपाट सरकवल्यावर मागे काळे ठिपके का दिसतात, ते इथे कळतं. भिंत तीच, वीट तीच, फक्त हवा अडलेली.

तीच भिंत, पण पावसाळ्यातली ओल अजून न गेलेली : पाणी हवेपेक्षा वीस पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून छिद्रांत पाणी भरलं की विटेची वाहकता वाढते. समजा ती १.२ झाली. पृष्ठभाग १६.८ अंश आणि आर्द्रता जवळपास ८० टक्के. म्हणजे बाजूने आलेली ऑगस्टची ओल जानेवारीत आतून येणाऱ्या ओलीला दार उघडून देते. चार वाटा कागदावर वेगळ्या काढल्या तरी भिंतीत त्या एकमेकींना भेटतात.

१२० मिलिमीटरचा नुसता आरसीसी स्लॅब : पृष्ठभाग १५.७ अंश, आर्द्रता ८५ टक्के. वर १०० मिलिमीटर कोबा चांगल्या स्थितीत असेल तर १७.२ अंश. जुने गवंडी कोब्याची एवढी काळजी का घ्यायचे याचं हे आणखी एक कारण. कोबा पाणी अडवतो आणि थोडं उष्णतारोधनही करतो.

लोखंडी पत्रा : त्याचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य. पृष्ठभाग १२.९ अंश, म्हणजे दवबिंदूच्याही खाली. शिवाय निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो, त्यामुळे प्रत्यक्ष स्थिती याहून वाईट. पहाटे पांघरुणावर थेंब पडतात आणि लोक म्हणतात 'पत्रा गळतोय'. पाऊस नाही तर गळेल काय? ते खोलीतलंच पाणी.

एक इशारा. हे सगळं 'स्थिर अवस्थे'चं गणित आहे. प्रत्यक्षात जाड भिंत दिवसाची उष्णता काही तास धरून ठेवते, त्यामुळे पहाटे ती आपल्या आकड्यापेक्षा थोडी ऊबदार असू शकते. पत्र्याला असली साठवण नाही. म्हणून पत्र्याचं उत्तर जास्त विश्वासार्ह आणि दगड-मातीच्या दोन फुटी भिंतीचं सगळ्यात कमी. प्रबंधात हे वाक्य तुम्ही स्वतःहून लिहा, परीक्षकाने काढायची वाट बघू नका.

मग भिंतीला आतून इन्सुलेशन लावायचं का?

इथे विषय खऱ्या अर्थाने गंभीर होतो, कारण लोक पैसे इथेच घालतात. ओल्या भिंतीवर पीव्हीसी पॅनेल, थर्माकोलच्या शीटवर जिप्सम बोर्ड, किंवा जाड पुट्टी मारून वर 'वॉटरप्रूफ' पेंट. दोन-तीन महिने भिंत देखणी दिसते.

गणित काय म्हणतं? नऊ इंची भिंतीला आतून २५ मिलिमीटर थर्माकोल लावा, वाहकता ०.०३५ धरा. खोलीकडचा पृष्ठभाग ऊबदार होतो, छान. पण थर्माकोलच्या मागे, जुन्या गिलाव्यावर तापमान उतरतं १३.० अंशांवर. दवबिंदू किती होता? १३.२. म्हणजे जोडांतून, स्विचबोर्डाच्या फटीतून खोलीतली हवा मागे गेली की ती तिथे पाणी सोडणार. आधी जी बुरशी डोळ्यांना दिसत होती ती आता पॅनेलमागे वाढणार. पावसाने भिजलेल्या भिंतीला आतल्या बाजूने वाळायची जी वाट होती, तीही बंद.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा हे याचंच जुनं रूप. चुना आणि मातीच्या गिलाव्यातून वाफ सहज आरपार जाते. सिमेंटच्या दाट थरातून आणि ऑइल पेंटमधून ती अडते. पाणी आत कोंडतं, ओल आणखी वर चढते, क्षार थरामागे साचतात आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. घरमालक पुन्हा सिमेंट मारतो. ओल एक फूट वर सरकते.

चुकीचं उष्णतारोधन काय करू शकतं, याचं परदेशातलं उदाहरणही अभ्यासात घ्या. इंग्लंडमध्ये प्रेस्टन शहरातल्या फिशविक भागात २०१३ च्या सुमारास शेकडो जुन्या घरांच्या भिंतींना सरकारी योजनेखाली बाहेरून इन्सुलेशन बसवलं. काम नीट झालं नाही, पाऊस इन्सुलेशनच्या मागे शिरला आणि आधी धडधाकट असलेल्या घरांत ओल आणि बुरशी आली. बाहेरून लावणं तत्त्वतः आतून लावण्यापेक्षा बरं असतं. तरीही पन्हाळ, खिडकीचे काठ, जोडणी यांत ढिलाई झाली की तत्त्व उपयोगी पडत नाही. थंड देशाचा अनुभव आपल्याला हेही शिकवतो, फक्त तो भाग उसना घ्यायचं आपण विसरतो.

आरोग्याचा मुद्दा वेगळा सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिच्यात ओलीचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी असलेला संबंध मांडलाय. पॅनेलमागे लपवलेली बुरशी म्हणजे दुरुस्ती नव्हे.

छताचं गणित मात्र जमतं

स्लॅब आणि कोब्यावर, म्हणजे बाहेरच्या बाजूने, ५० मिलिमीटर एक्सपीएस बसवला आणि वर संरक्षक थर दिला, तर छताची यू-व्हॅल्यू सुमारे २.८ वरून ०.५६ वर येते. २०१८ च्या इको निवास संहितेने नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा घातली आहे, तिच्याही बरीच खाली. थंडीत आतला पृष्ठभाग १९.४ अंशांवर राहतो, बुरशीचा प्रश्न मिटतो. शिवाय मे महिन्यात तापलेल्या स्लॅबचा त्रास कमी होतो. म्हणजे आकुर्डीत छताच्या उष्णतारोधनाचं समर्थन हिवाळ्यापेक्षा उन्हाळा जास्त जोरात करतो. "घर गरम करतं कोण?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे : कोणी नाही, म्हणून आपण हीटरच्या बचतीबद्दल बोलतच नाही. आपण पृष्ठभागाच्या तापमानाबद्दल बोलतोय.

पत्र्याखाली नुसतं फॉल्स सीलिंग लावून भागत नाही. ऊबदार दमट हवा फटींतून वर जाते आणि आता आणखी थंड झालेल्या पत्र्याला लागते. इन्सुलेशन पत्र्याला चिकटून हवं आणि वाफ अडवणारा थर खोलीच्या बाजूला, सांधे बंद करून. पत्रा जुना सिमेंटचा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. त्याला भोकं पाडणं, कापणं, घासणं टाळा. तुमच्या प्रयोगासाठी तर मुळीच नको.

वायुवीजन : ऋतू बघून

'खिडकी उघडा' हा सल्लाही तपासून बघू. जानेवारीत बाहेरची हवा १० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल, तर तीच हवा आत २० अंशांपर्यंत तापल्यावर फक्त ४२ टक्के आर्द्रतेची उरते. म्हणजे सकाळी पंधरा मिनिटं खिडक्या उघडल्या तर घर वाळतं. जुलैत बाहेर २४ अंश आणि ९० टक्के असेल, तर ती हवा आत घेऊन भिंत वाळणार नाही. तेव्हा पंखा आणि स्वयंपाकघर-न्हाणीघराचा एक्झॉस्ट एवढंच हातात. सल्ला एकच, दोन ऋतूंत परिणाम वेगळा. असा फरक मोजून दाखवणं हे चांगलं, आटोपशीर संशोधन आहे.

मोजायचं कसं

महागडी प्रयोगशाळा नसली तरी सुरुवात होते.

– तापमान-आर्द्रतेचे स्वस्त सेन्सर चालतात, पण आधी तपासून घ्या. हवाबंद डब्यात मीठ आणि थोडं पाणी असा ओलसर लगदा ठेवा. २५ अंशांना आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर किती दाखवतो ते लिहून ठेवा.

– सुया टोचून ओल मोजणारं यंत्र विजेचा रोध मोजतं, पाणी नाही. लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे ते कोरड्या जागीही 'ओलं' दाखवतं. शक्य तिथे घरमालकाला विचारून थोडा नमुना काढा, वजन करा, वाळवा, पुन्हा वजन करा.

– थर्मल कॅमेरा चकचकीत लोखंडी पत्र्यावर फसतो, कारण त्याला पत्र्यात आजूबाजूच्या वस्तूंचं प्रतिबिंब दिसतं. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावून तिचं तापमान वाचा.

– भिंतीची यू-व्हॅल्यू जागेवर मोजायची आयएसओ ९८६९ ची पद्धत किमान तीन दिवसांच्या नोंदी मागते, आणि आत-बाहेर ठळक, एकाच दिशेचा फरक असेल तर ती उत्तम चालते. युरोपात हीटर चालू असतो, फरक टिकतो. आकुर्डीत रात्री उष्णता बाहेर जाते आणि दुपारी आत येते, त्यामुळे सरासरी जवळपास पुसली जाते. उसनी पद्धत इथे अडखळते. हा तुमच्या कामातला अडथळा आहे, आणि नीट मांडलात तर तोच तुमचा संशोधन-प्रश्न.

सॉफ्टवेअरचंही तसंच. ग्लेझरने १९५० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली पद्धत फक्त वाफेचा प्रवास धरते. तिरका पाऊस, केशाकर्षण, भिंतीतली साठवण यांतलं काही तिच्यात नाही. आपल्या भिंतींत तर तेच मुख्य. फ्राउनहोफर संस्थेचं वूफी यासारखं साधन हे सगळं धरतं, पण त्याला स्थानिक वीट, स्थानिक चुना, स्थानिक मातीचे गुणधर्म द्यावे लागतात. यादीतली जर्मन वीट निवडली तर उत्तर जर्मन भिंतीचं येईल.

विषयाचा प्रश्न कसा करायचा

'आकुर्डीतील जुन्या घरांचे उष्णतारोधन' हा विषय आहे, प्रश्न नाही. त्याचे असे प्रश्न होऊ शकतात :

– पश्चिमेकडची विटेची भिंत पावसाळ्यानंतर कोरडी व्हायला किती आठवडे लागतात, आणि आतून बसवलेल्या पॅनेलमुळे तो काळ किती वाढतो?

– पत्र्याच्या खोल्यांत पहाटेचं दव कमी करायला वायुवीजन आणि पत्र्याखालचं इन्सुलेशन यांपैकी कमी खर्चात काय जास्त परिणाम करतं?

– मातीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला, तर ओलीची उंची एका वर्षात किती खाली येते?

प्रत्येकात एक बदलणारी गोष्ट आहे, एक मोजायची गोष्ट आहे आणि एक मुदत आहे. तिसऱ्या प्रश्नाला निदान एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा लागेल, म्हणून प्रवेश घेतानाच वेळापत्रक मांडा. सेन्सर ऑक्टोबरमध्ये लावले तर पावसाचा सगळा भाग हुकतो.

आणि ज्यांच्या घरात सेन्सर लावाल त्यांच्याशी सरळ वागा. आर्द्रतेच्या नोंदीवरून घरात माणसं कधी असतात, कधी नसतात हेही कळतं, म्हणून लेखी संमती घ्या, घराचा नेमका पत्ता प्रबंधात देऊ नका. ते विचारतीलच, "मग भिंतीला काय लावू?" 'संशोधन चालू आहे' एवढं सांगून निघू नका. आज खात्रीने सांगता येईल ते सांगा : आधी गळती आणि पन्हाळ दुरुस्त करा, ओल्या भिंतीवर काहीही झाकू नका, पूर्ण वाळू द्या, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवा, आणि इन्सुलेशनसाठी पैसे असतील तर पहिल्यांदा छतावर घाला.

आता एक काम. वरच्या आकड्यांत आर्द्रता ६५ ऐवजी ५५ टक्के धरा आणि कोपरा, स्लॅब आणि पत्रा ही तिन्ही गणितं पुन्हा करा. कुठे बुरशी टळते आणि कुठे दव थांबतं ते बघा. फक्त दहा टक्के आर्द्रता कमी केल्याने जे सुटतं त्याला इन्सुलेशन लागत नाही. त्यानंतर जे उरतं, तिथून तुमचा प्रबंध सुरू होतो.